घर सोडल्यावरचा हिशेब

नवऱ्याच्या मारहाणीची केस करायला किती खर्च येतो, असं जालना जिल्ह्यातल्या हसनाबादच्या बाजारात चार जणांना विचारा. चार आकडे मिळतील. कुणी पंचवीस हजार सांगेल. कुणी म्हणेल, पन्नासच्या खाली वकील हातच लावत नाही. एखादा ‘वरपर्यंत भेटावं लागतं’ असं सुचवेल, आणि एखादी म्हातारी ‘माहेरचं एकर विकावं लागतं गं बाई’ म्हणून मोकळी होईल. हे आकडे ऐकूनच कितीतरी बायका त्याच उंबऱ्याच्या आत परत जातात. कायद्याचा आकडा मात्र एकच आहे, शून्य. तक्रार, दवाखाना, वकील, कोर्ट, निवारा, यातल्या कशासाठीही बाईने पैसे मोजायचे नाहीत.

खर्च नाहीच असं नाही. पण लोक सांगतात तिथे तो नाही. घर सोडल्यानंतरच्या साधारण सहाव्या दिवसापासून तो सुरू होतो आणि पहिली मजुरी किंवा पहिली पोटगी हातात पडेपर्यंत चालतो. खोलीचं भाडं, डिपॉझिट, पोरांच्या वह्या, तारखेपायी झालेला कामाचा खाडा. सरकारी मदत या काळात मंजुरीच्या रांगेत असते. महाराष्ट्रात ही मधली पोकळी भरून काढणाऱ्या संस्थांमध्ये ख्रिस्ती सेवाभावी संस्था सव्वाशे वर्षांहून अधिक काळ आहेत. त्यांच्याकडे काय मागायचं, काय आधी विचारून घ्यायचं आणि कुठे एक रुपयाही द्यायचा नाही, ते बघू.

आधी दवाखाना

मार लागला असेल तर पोलीस ठाण्याआधी सरकारी दवाखाना गाठलेला बरा. जिवावर बेतत असेल तर अर्थातच आधी ११२. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून तालुक्याच्या भोकरदनचं ग्रामीण रुग्णालय ते जालन्याचं जिल्हा रुग्णालय, सगळीकडे हेच. पोलिसांचा कागद नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. कौटुंबिक हिंसाचार कायद्याने दवाखान्यांना उपचार देणं बंधनकारक केलं आहे.

इथे एकच गोष्ट जपायची. डॉक्टरांनी ‘काय झालं?’ विचारल्यावर सासूसमोर ‘न्हाणीत पाय घसरला’ असं सांगितलं, की केसपेपरवर तेच उमटतं, आणि पुढे दोन वर्षं कोर्टात तो पाय घसरतच राहतो. सोबतच्यांना बाहेर थांबवायला सांगा आणि कुणी, कशाने, कुठे मारलं ते लिहून घ्या. त्या कागदाची झेरॉक्स दोन-पाच रुपयांत होते. या सगळ्या प्रकरणात इतक्या स्वस्तात दुसरं काही मिळत नाही.

हसनाबादला स्वतःचं पोलीस ठाणं आहे. माहेर दुसऱ्या तालुक्यात असेल तर तिथेही ‘झिरो एफआयआर’ नोंदवता येतो आणि तो पुढे इकडे वर्ग होतो. सासरच्या छळाच्या जुन्या ४९८-अ कलमाच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आलं आहे. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते, मागून घ्या. ‘एनसी’ म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद लिहून बोळवण केली, तर तीच तक्रार साध्या कागदावर जालन्याच्या पोलीस अधीक्षकांच्या नावे स्पीड पोस्टाने टाका. पन्नास-साठ रुपये जातील, पण पोच हातात राहील.

रात्री कुठे जायचं, याला सरकारी उत्तर आहे ‘सखी’ वन स्टॉप सेंटर. जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या या केंद्रात साधारण पाच दिवस राहता येतं. जेवण, समुपदेशन, वकिलाचा सल्ला, पोलिसांची मदत, सगळं एका छताखाली आणि फुकट. १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन केला की तिथपर्यंत कसं जायचं ते सांगतात. स्वतःच जायचं झालं तर एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि पुढच्या हिशेबात हे अर्धं तिकीट वाटतं त्यापेक्षा मोठी बाब ठरतं.

पिशवीत काय असावं

ज्यांना दोन-चार दिवस आधी अंदाज येतो, त्यांच्यासाठी एवढंच. स्वतःचं आणि पोरांचं आधार, पोरांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, रेशनकार्डाची झेरॉक्स, सोन्याच्या पावत्या. आणि लग्नपत्रिका. आपल्याकडे बहुतेकदा लग्नाची नोंदणी केलेली नसते, मग ‘ही माझी बायकोच नाही’ असं म्हणायला नवरा मोकळा होतो. त्या वेळी गणपतीचं चित्र आणि दोन्हीकडच्या आडनावांची ती पिवळी पडलेली पत्रिका आणि मांडवातला एक फोटो कामाला येतात. मूळ कागद काढणं धोक्याचं असेल तर मोबाईलवर फोटो काढून भावाला किंवा मैत्रिणीला पाठवा आणि आपल्या फोनमधून पुसून टाका. अंगावरचं, माहेरून आलेलं, मुलीच्या नावाने मिळालेलं सगळं स्त्रीधन आहे. ते मागे राहिलं तरी बुडत नाही, कोर्ट ते परत करायला लावू शकतं. त्यासाठी यादी मात्र हवी.

वकील, कोर्ट आणि पाचशेचा स्टॅम्प

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ सालचा. त्याच्या कलम १२ प्रमाणे कुठल्याही स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्नाची अट नाही. नवरा बागायतदार असला, भाऊ मास्तर असला तरी अडत नाही. भोकरदनच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती, जालन्याला जिल्हा प्राधिकरण, फोन १५१००. नेमलेल्या वकिलाचं मानधन सरकार देतं. त्याने ‘वरखर्चाला’ काही मागितलं तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी सांगा, वकील बदलून मिळतो. खासगी वकील करायचा तर तो तुमचा निर्णय, पण फी आधी ठरवा आणि पावती घ्या.

कोर्ट फीचं लोकांना फारसं माहीत नसतं. महाराष्ट्र सरकारने १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने पोटगी, हिंसाचार, घटस्फोट आणि वैवाहिक मालमत्तेच्या वादात स्त्रियांना कोर्ट फी माफ केली. तीस वर्षं उलटली, तरी टायपिंगच्या टपऱ्यांवर ‘कोर्ट फीचे’ म्हणून पैसे घेतले जातात. स्टॅम्पपेपरचंही तसंच. २०२४ च्या ऑक्टोबरपासून शंभरचा स्टॅम्प पाचशेचा झाला, आणि प्रत्येक प्रतिज्ञापत्राला पाचशे लागतात असा समज पसरला. कोर्टात किंवा सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला हे मुद्रांक शुल्क माफ आहे. साधा कागद चालतो. कुणी पाचशेचा आणायला सांगितलं तर ‘लेखी द्या’ म्हणा. बहुतेकदा विषय तिथेच संपतो.

आता कौटुंबिक हिंसाचार कायदा. तो २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. हिंदू, मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती, सगळ्या बायकांना सारखाच. अर्ज या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा थेट दंडाधिकाऱ्याकडे करता येतो. सासरच्या गावी, माहेरी, किंवा तात्पुरतं जिथे राहता तिथेही. संस्थेत राहत असाल तर त्या तालुक्याच्या कोर्टातही चालतो, म्हणजे तारखेसाठी भोकरदनला परतायची सक्ती नाही.

संरक्षण अधिकारी जो घटना अहवाल भरून घेतात, त्यावर जरा थांबतो, कारण पुढचे सगळे पैसे त्या फॉर्मवरून ठरतात. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळाचे वेगवेगळे भाग आहेत. बहुतेक बायका माराचं सांगून थांबतात. आर्थिक भागात विचारलेलं असतं: घरखर्च देत होता का, दवापाणी करत होता का, कामावर जाऊ देत होता का, तुमची मजुरी काढून घेत होता का, दागिने विकले किंवा गहाण ठेवले का. कापूस वेचून आणलेले पैसे शनिवारी हिसकावून घेणं, मंगळसूत्र सोनाराकडे ठेवणं, हे बाईला छळ वाटतच नाही. ते ‘चालायचंच’ असतं. तो भाग कोरा सुटला की कलम २० खालची भरपाई मागताना हात रिकामे राहतात. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, मोडतोड झालेलं सामान, पोटगी, हे सगळं त्या एका कलमात येतं. म्हणून पावत्या जपा, औषधाच्या दुकानाची वीस रुपयांची असली तरी.

कायदा सांगतो, पहिली तारीख तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कुणालाही ठाऊक आहे. म्हणून पहिल्याच दिवशी वकिलाला सांगा की कलम २३ खाली अंतरिम आदेश मागा. राहायची सोय म्हणून नवऱ्याने दुसरीकडे खोली घेऊन द्यावी किंवा भाडं भरावं, असाही आदेश कोर्ट देऊ शकतं. मागितलाच नाही तर मिळत नाही. पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ वेगळं आहे, आणि २०२४ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही हा रस्ता खुला आहे. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालानंतर पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून मोजली जाते. अर्ज महिनाभर पुढे ढकलला तर त्या महिन्याची पोटगी गेली.

गावकीचे पंच बसून ‘मुलीकडच्यांनी इतका दंड भरावा’ म्हणाले, तर तो भरू नका. वाळीत टाकण्याविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा २०१७ पासून लागू आहे आणि पंचांनी लावलेल्या दंडाला कसलाही आधार नाही.

पाच दिवसांनंतर

सखी केंद्रातले दिवस संपले आणि माहेरची दारं उघडली नाहीत, किंवा उघडली पण भावजयीने चौथ्या दिवशी कपाळाला आठी घातली, तर तिथून पुढे काय? सरकारी सोय आहे शक्ती सदन. पूर्वी त्याला स्वाधार म्हणत. लांब मुदतीची राहण्याची सोय, फुकट. मुली कितीही वयाच्या सोबत ठेवता येतात, मुलगे साधारण बारा वर्षांपर्यंत. जागा असेल तर घ्यावी.

आणि मग ख्रिस्ती संस्था. जालना या बाबतीत अगदीच परका जिल्हा नाही. ब्राह्मण घरात जन्मून १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं, जालन्याचं मिशन हॉस्पिटल जुन्या लोकांना चांगलं माहीत आहे, आणि कॅथलिकांचा औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ पासून मराठवाड्यात काम करतो. हसनाबादसारख्या गावात निवारागृह दाराशी नसतं. पण जालन्यातल्या चर्चच्या पाळकांना किंवा फादरना भेटायला पैसे लागत नाहीत, आणि कुठल्या संस्थेत सध्या जागा आहे हे त्यांना एका फोनवर कळतं. अनेक कॅथलिक पॅरिशमध्ये सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं मंडळ असतं. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली ही साधी व्यवस्था आहे: पॅरिशमधले लोक वर्गणी काढतात आणि गरजू घराला किराणा, शाळेची फी, एखाद्या महिन्याचं भाडं देतात. निवारा नको, फक्त दोन महिने तग धरायचा आहे, अशा बाईसाठी ही मदत नेमकी आहे.

राहण्यासाठी दोन नावं महाराष्ट्रभर ओळखीची आहेत. पहिलं केडगावचं मुक्ती मिशन, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार झालेल्या बायका-मुलींना घेऊन केडगावला मोठी वसाहत उभी राहिली. रमाबाईंनी तिथे नुसता निवारा दिला नाही. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, छापखाना असे उद्योग बायकांच्या हाती दिले; रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेल्या मराठी बायबलाचे खिळे तिथल्या बायकांनीच जुळवले. संस्था आजही चालू आहे.

दुसरं ‘माहेर’, पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर कोरेगाव भीमापासून आत असलेल्या वढू बुद्रुकला. छत्रपती संभाजीनगरहून पुण्याला जाणारी एसटी त्याच रस्त्याने जाते. त्याच्या संस्थापिका सिस्टर ल्यूसी कुरियन या कॅथलिक धर्मभगिनी. १९९१ मध्ये एक गरोदर बाई त्यांच्याकडे आसरा मागायला आली. त्या दिवशी ठेवून घेणं त्यांच्या हातात नव्हतं. उद्या ये, म्हणाल्या. त्याच रात्री नवऱ्याने तिला पेटवलं आणि ती गेली. त्यातून १९९७ मध्ये माहेर सुरू झालं, आणि ते स्वतःला ठरवून सर्वधर्मीय म्हणवतं. रात्रीचा एक मुक्काम नाकारण्याची किंमत काय असते, हे यापेक्षा वेगळं सांगायला नको.

अशा संस्थांत राहणं-जेवण बहुतेकदा फुकट असतं. बदल्यात स्वयंपाक, साफसफाई, शिवण, बागेतलं काम वाटून येतं, आणि त्यात गैर काही नाही. रोख पैसा सहसा मिळत नाही. प्रवेशाला पोलीस ठाण्याचं, संरक्षण अधिकाऱ्याचं किंवा सखी केंद्राचं पत्र मागतात. ते जिल्हा सोडायच्या आधीच घ्या, नाहीतर परत हेलपाटा. कुणी प्रवेशासाठी ‘देणगी’ मागितली तर ती जागा सोडा. संस्था खरी आहे का, हे धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणी क्रमांकावरून कळतं. हिंसाचार कायद्याखाली ‘सेवा पुरवठादार’ म्हणून नोंदलेल्या संस्थांची यादी संरक्षण अधिकाऱ्याकडे असते. अशी संस्था घटना अहवालही भरू शकते, म्हणजे एक चक्कर वाचते.

धर्म बदलावा लागतो का?

हा प्रश्न बाईपेक्षा तिच्या नातेवाइकांना जास्त पडतो; ज्या भावाने तीन वर्षांत बहिणीची खबर घेतली नाही, तोही नेमका इथे जागा होतो. प्रश्न मात्र खोटा नाही, आणि नवा तर मुळीच नाही. १८९३ मध्ये शारदा सदनातल्या मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात यावरून पुण्यात रान उठलं. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे रमाबाईंचे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले.

माझं मत सांगतो. मदत ही मदत असावी. तिला अट जोडली की तो सौदा होतो. पण संस्थेत सकाळ-संध्याकाळ प्रार्थना आहे, एवढ्याने ती अट होत नाही. फरक विचारूनच कळतो, आणि विचारायला लाजू नका: प्रार्थनेला बसणं सक्तीचं आहे का? मी माझं कुंकू, माझा उपास, माझा रोजा पाळू शकते का? आठवड्यातून किती वेळा आणि कुणाला फोन करता येतो? मोबाईल काढून घेता का? मला जायचं असेल तेव्हा जाता येतं का? उत्तरं सरळ आली तर रहा. ‘आधी या तर, मग बघू’ असं ऐकू आलं, तर शक्ती सदनाची जागा मागा. सज्ञान बाईला तिच्या मनाविरुद्ध कुठलीही संस्था अडकवून ठेवू शकत नाही, मग ती संस्था मिशनची असो नाहीतर मठाची.

पोरांचं

इथे बाया सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा कडक सांगतो. ‘पोरं आमच्या दूरच्या हॉस्टेलला द्या, फुकट शिकतील’ असं कुणी म्हणालं, तर बाल न्याय कायद्याखालची नोंदणी आणि बाल कल्याण समितीचा आदेश पाहिल्याशिवाय पोर हातातून सोडू नका. नाव कितीही मोठं असो. कागदाविना दिलेलं लेकरू परत आणताना ते आपलंच आहे हे आईलाच शाबित करत बसावं लागतं.

शाळा बदलायला टीसी अडवून धरला जातो, कधी नवऱ्याच्या सांगण्यावरून. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे टीसी यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. झेडपीच्या शाळेत फी नाही, पुस्तकं मिळतात, दुपारचं जेवण मिळतं. संस्थेजवळच्या इंग्रजी शाळेचा मोह पहिल्या वर्षी टाळलेला बरा.

पुन्हा संसार मांडताना

आता खरा आकडा. समजा दोन पोरं घेऊन एक बाई जालना शहरात एक खोली घेते. कामं आहेत: बियाणे कंपन्यांच्या गोदामात निवडणं-पॅकिंग, हंगामात बीजोत्पादनाच्या प्लॉटवर, धुणीभांडी, शिवणकाम. हा माझा अंदाज आहे, घासाघीस करून खाली येईल: भाडं तीन हजार, डिपॉझिट सहा हजार, अंथरूण-भांडी-बादल्या मिळून पाच-सहा हजार. महिन्याचा किराणा अडीच हजार, गॅस, मोबाईल, एसटी आणि पोरांचं किरकोळ धरून आणखी दोन हजार. म्हणजे मांडामांडीला बारा हजार आणि दरमहा साडेसात. तीन महिन्यांचं धरलं तर पस्तीस हजारांच्या आत-बाहेर.

समोरच्या रकान्यात काय? संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून दरमहा १,५०० रुपये. अत्याचारित, घटस्फोटाची केस चालू असलेली आणि पोटगी न मिळणारी घटस्फोटित बाई त्यात बसते; वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये, अर्ज तहसीलला. लाडकी बहीण योजनेचे १,५०० आधीच मिळत असतील तर ही दुसरी रक्कम मिळत नाही, पण तो हप्ता नवऱ्याच्या ताब्यातल्या खात्यात तर जात नाही ना, ते आधी पाहा. आपल्या एकटीच्या नावाने जनधन खातं काढा, त्याला पैसे लागत नाहीत, आणि आधार त्याच खात्याला जोडा. एकल पालकांच्या मुलांसाठी क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे, मुलामागे महिना २,२५० रुपये, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. दोन पोरांचे ४,५००. रेशनकार्ड अजून सासरचं असलं तरी ‘एक देश एक रेशन’मुळे आपल्या वाट्याचं धान्य जालन्यातल्या दुकानात अंगठा लावून उचलता येतं, नाव वेगळं करायचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. आधारवरचा पत्ता बदलायला ७५ रुपये.

बेरीज करा: १,५०० आणि ४,५००, सहा हजार. खर्च साडेसात. सगळं सुरू झालं तर उरलेले दीड हजार कुठल्याही कामातून निघतात आणि मजुरी हाताशी राहते. घोडं अडतं ते ‘सुरू झालं तर’ या शब्दांवर. मंजुरीला महिने जातात, आणि पहिल्या तीन महिन्यांचं भाडं कुठलीच योजना देत नाही.

म्हणून संस्थेकडे काय मागायचं ते नीट ठरवून जा. ‘ताई, काहीतरी मदत करा’ असं म्हटलं की साडी आणि किराण्याची पिशवी मिळते. त्याऐवजी म्हणा: डिपॉझिट आणि तीन महिन्यांचं भाडं द्या, नाहीतर तेवढे महिने राहू द्या, आणि त्या काळात या अर्जांच्या पाठपुराव्याला एक कार्यकर्ती सोबत द्या. कोर्टाच्या तारखेला सोबत मागा. शिलाई मशीन मागत असाल तर आधी शिवणाचा कोर्स पुरा करा. साधं पायडलचं नवं मशीन सात-आठ हजारांच्या घरात जातं, आणि ब्लाउज शिवता येत नसताना मिळालेलं मशीन सहा महिन्यांत विकलं जातं. त्यापेक्षा रुग्णसेविकेचं काम शिकवणारा कोर्स मिळत असेल तर तो घ्या. मिशनच्या दवाखान्यांची ही जुनी परंपरा आहे, आणि आजारी माणसाजवळ बसणाऱ्या बाईला जालना-संभाजीनगरात काम कमी पडत नाही.

पगार पक्का झाला की नोकरदार महिलांच्या वसतिगृहाचा विचार करता येतो. सरकारी योजनेत त्याला आता सखी निवास म्हणतात. तिथलं भाडं पगाराच्या प्रमाणात असतं: एकटीच्या खोलीला जास्तीत जास्त १५ टक्के, दोघींच्या खोलीला १० आणि मोठ्या खोलीतल्या कॉटला साडेसात टक्के. दहा हजार पगारावर साडेसातशे ते दीड हजार. मुंबई-पुण्यात वायडब्ल्यूसीएची वसतिगृहं आहेत. ही ख्रिस्ती बायकांची संघटना मुंबईत १८७५ पासून आहे, जात-धर्म न पाहता जागा देते, पण भाडं घेते आणि ते गावाकडच्या मानाने बरंच असतं. तिथे नोकरी पक्की झाल्याशिवाय जाऊ नये.

आणि मध्येच नवरा ‘सुधारलोय’ म्हणत संस्थेच्या दारात आला तर? संस्थांचा कल कधी कधी समेटाकडे असतो, ख्रिस्ती संस्थांचा थोडा जास्त, कारण त्यांच्याकडे लग्न मोडणं सोपं मानत नाहीत. परत जायचं की नाही हे बाईनेच ठरवावं. पण गेलात तर हिंसाचार कायद्याच्या कलम १८ चा संरक्षण आदेश मिळवूनच जा. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. समेटाच्या कागदावर ‘केस मागे घेते’ असं लिहून देण्याआधी विधी सेवेच्या वकिलाला दाखवा; त्यालाही पैसे पडत नाहीत.

हे वाचणारे अनेक जण स्वतः त्या बाईच्या जागी नसतील. शेजारी असतील, अंगणवाडीताई असतील, भाऊ असतील. त्यांनी एवढं करावं: १८१, ११२ आणि १५१०० हे तीन आकडे तिला पाठ करून द्यावेत, तिच्या कागदांच्या झेरॉक्स आपल्या घरी ठेवाव्यात, आणि एक रात्र आपल्याकडे राहू द्यावं. जालन्याची पहिली एसटी सकाळी असते.